एकाच पातेल्यात सगळं

२ मे, शनिवार
निर्णय झाला. सतरा तारखेला, रविवारी, आपल्याकडे उन्हाळी गेट-टुगेदर. पदार्थ एकच, सी-फूड बॉइल. कोळंबी, खेकडे, मका, बटाटे, सगळं एका पातेल्यात. व्हिडिओतला माणूस बर्म्युडा घालून गप्पा मारत मारत करतो. अर्धा पाहिला. पुढे काही अवघड असेल असं वाटत नाही. जन्मभर ऑफिस चालवलं, रिटायर झाल्यावर एक पातेलं चालवता येणार नाही?

कारणही लिहून ठेवतो. लग्न झाल्यापासून श्रेया उस्मानपुऱ्यात, म्हणजे स्वतःच्या बापाच्या घरी, दोनदा आली. दोन्ही वेळा दुपारी जेवली आणि संध्याकाळी दादाकडे सोयगावला गेली. तिथे मात्र चार-चार दिवस राहते. आवडावहिनींच्या हाताला चव आहे म्हणे. शिवाय जावई सार्थकराव पडले रत्नागिरीचे. त्यांना आपण वांगी वाढतो. माणूस राहील कसा? या वेळी पोरगी चार दिवस माझ्या घरात राहिली पाहिजे. मला बाकी काही नको.

५ मे
दादाला फोन केला. सहकुटुंब या आणि तुमचं मोठं पातेलं आणा. काय उकडणार ते सांगितलं नाही, सरप्राइज आहे. वहिनींनी फोन घेतला. म्हणाल्या, "उकडून ठिवायचं, अन् मंग फोडणी कवा?" म्हटलं, यात फोडणी नसतेच. वहिनींनी फोन परत दादाकडे दिला.

७ मे
दीपमाला म्हणत होती की सतरापासून काहीतरी लागतंय. बायकोचं बोलणं पूर्ण ऐकायचं असा संकल्प मी पाडव्यालाच केला आहे, पण तेव्हा डोक्यात मसाला होता. व्हिडिओतला मसाला इथे मिळत नाही. येसर घालणार. येसर कशालाही चालतो.

९ मे
रंगीत तालीम. फक्त मका आणि बटाटे. मका शिजला, बटाटे कच्चे. गॅसचा दोष. बटाटे आधी टाकायचे असतात, असं दीपमालाचं मत आहे. मत ऐकून घेतलं.

११ मे
औरंगपुऱ्यातून मका आणला. मासळीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "साहब, जायकवाडी का रोहू लेव, ताजा है. मई में समंदर का माल नक्को." त्याला जावई कुठले आहेत ते सांगितलं. तरी नक्कोच म्हणाला. धंदा करायची वृत्ती नाही लोकांत. ऑफिसातला जुना सहकारी मुंबईला असतो, तो रात्रीच्या बसने पार्सल पाठवणार आहे. बर्फात.

१३ मे
दीपमालाने अनारशाचं पीठ काढलं. चांदीचं ताटही घासून ठेवलं. म्हणजे तीही उत्साहात आली. स्टार्टर म्हणून अनारसे चालतील, पण ताटाची गरज नाही, हे तिला प्रत्यक्षच दिसेल. व्हिडिओच्या सुरुवातीलाच दाखवलंय, पातेलं सरळ टेबलावर अंथरलेल्या पेपरवर पालथं करतात आणि सगळे भोवती बसून हाताने खातात. यानेच माणसं जवळ येतात. रंगीत पुरवण्या बाजूला काढल्या.

१५ मे
दीपमालाने आज निक्षून सांगितलं, "रविवारी घरात तसलं काय शिजणार नाय." मी हो म्हटलं. मुद्दा बरोबर आहे, घरात वास बसतो. गच्चीवर शेगडी लावणार.

१६ मे
बस उशिरा आली. ऊन मी म्हणत होतं. बर्फाचं पाणी झालेलं. खेकडे नव्हतेच. खेकड्यांशिवायही चालतं, असं स्टँडवरच ठरवलं. रिक्षावाल्याने मला कडेला सरकून बसायला सांगितलं. समुद्राचा वास असाच असतो, त्याला काय माहीत? मी एकदा अलिबागला जाऊन आलोय. खोकं तसंच गच्चीवर नेऊन झाकून ठेवलं.

उरलेला व्हिडिओ बघणार होतो. झोप लागली.

१७ मे, रविवार, सकाळ
दादा, वहिनी, श्रेया, सार्थकराव, सगळे आले. श्रेयाची बॅग मोठी आहे. मीच उचलून आतल्या खोलीत ठेवली. जड आहे. फार बरं वाटलं.

बायका स्वयंपाकघरात, मी गच्चीवर. मका उकडतोय असं खाली सांगितलंय. खोटं नाही. आज नळाला पाणी यायचा वार नव्हता, म्हणून प्यायच्या पाण्याचा अर्धा जार ओतला. बटाटे मक्याबरोबरच टाकले. आजचा गॅस चांगला आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ
जमेल तसं लिहितो.

सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. मधोमध चांदीचं ताट, त्यात तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, तुपाची वाटी, भोवती रांगोळी. म्हटलं, असू दे सजावट. पेपर ताटाच्या कडेने सारले. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं, गच्चीवरून पातेलं आणलं आणि ओतलं.

ओतण्याआधी पाणी गाळून काढायचं असतं. ते व्हिडिओच्या उरलेल्या भागात आहे.

गच्चीवरून उतरेपर्यंत पाणी निवलं होतं, म्हणून कुणाला भाजलं नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे. पण पाणी सगळीकडे गेलं. सार्थकरावांच्या नव्या पँटवर गेलं. अनारसे तरंगले. एक कोळंबी तुपाच्या वाटीत पडली. आणि वास. समुद्राचा नव्हता बहुतेक.

पहिल्यांदा दादा बोलला. "धोंड्याच्या महिन्यात, जावयाला, पेपरावर? व्हय रे सुदर्शन?"

तेव्हा कळलं. आजपासून अधिक महिना. तीन वर्षांनी येतो. महिनाभर मांसमच्छी वर्ज्य आणि जावयाला देवासारखं बसवून धोंडे वाढायचे. दीपमाला हेच सांगत होती. वहिनी पहाटे उठून पुरण वाटून घेऊन आल्या होत्या. सार्थकराव भला माणूस. म्हणाले, माझं काही नाही हो, पण आईने महिनाभर नको म्हणून सांगितलंय. मोजे पिळत म्हणाले.

खाण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, पुरण घरी आहे अजून, सोयगावात जाऊन वाढू, पहिल्याच दिवशी जावई उपाशी नको. सगळे उठले. दीपमालाही. फ्रीजमध्ये दही आहे, एवढं तिने सांगितलं. श्रेयाची बॅग आतून मीच आणून गाडीत ठेवली. तिने गाडीचं दार हळूच लावून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ मे
टेबल तीनदा पुसलं. वाया नको म्हणून पातेल्याच्या तळाशी राहिलेली एक कोळंबी सोलून तोंडात टाकली. थुंकली. मी याआधी कोळंबी कधीच खाल्ली नव्हती. बटाटे कच्चे होते.

२१ मे
श्रेया चार दिवस राहिली. सोयगावात. आज तिकडूनच परत त्यांच्या घरी, पनवेलला निघाली.

दीपमाला एकटी आली. वहिनींचा निरोप आणला, "पातेलं भावजींकडंच राहू द्या." मोठं पातेलं घरात आलं, एका अर्थी फायदाच. नळाला पाणी आलं म्हणून भरून ठेवलं.

दुपारी श्रेयाचा फोन आला. मी तिला विचारणार होतो की परत कधी येतेस. विचारलं, मका कसा दिसत होता? ती म्हणाली, "बाबा, साधा वरणभात केला असता ना तुम्ही, तर आम्ही राहिलो असतो."

त्यात काय, पुढच्या वेळी वरणभात, असं म्हणून फोन ठेवला.

वरणभात मला येत नाही.