क गटाचे उंदीर

२ जानेवारी
संकल्प: चिमणीचा हेवा करायचा नाही. मुळात करतच नाही, त्यामुळे सोपं जाईल. चिमणी म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. आवाज बारीक. आता माझ्याच प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर. ते टेबल मी सहा वर्षांपूर्वी मागितलं होतं.

८ जानेवारी
मोठ्या सरांची मीटिंग. विषय माझाच: पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटतात. कधी इतका गुंता होतो की पुन्हा पोट उघडावं लागतं. जखमेपाशी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, पेशींना आतून गंज चढल्यासारखं होतं. अँटिऑक्सिडंटने तो रोखला तर चिकटणं कमी होईल. हे या इमारतीत सगळ्यात आधी मी म्हणालो. कॅन्टीनमध्ये म्हणालो, म्हणून नोंद नाही.
दोन औषधं उंदरांवर तपासायची: माझा रानफळाच्या बियांचा अर्क आणि चिमणीचं मेलाटोनिन. जिंकेल ते पेशंटना देऊन बघणार. मेलाटोनिन म्हणजे झोपेची गोळी! आतड्यांना काय अंगाई गायची आहे?

१५ जानेवारी
तीस उंदरांची ऑपरेशनं झाली. दहांना माझा अर्क, दहांना तिचं औषध, दहांना नुसतं मिठाचं पाणी. गट क, ख, ग. कोणता कुणाचा, हे फक्त टेक्निशियन मामांना ठाऊक. मामांना दोन चहा पाजले. मामा म्हणाले, साहेब, तिसरा पाजलात तरी नाही सांगणार. चिमणी चहा पाजत नाही, तरी तिच्याशी हसून बोलतात.

१९ जानेवारी
बायकोला विचारलं, मी जळका आहे का? म्हणाली, जळका वास मिक्सरचा आहे. तुमच्या त्या बियांनी मोटार गेली.

२९ जानेवारी
उद्या पोटं तपासायची. शून्य गुण म्हणजे सगळं सुटं, चार म्हणजे नुसता गोळा. तपासणार मी. मोठे सर म्हणाले, तुमच्याइतकी तयार नजर कुणाची नाही. चिमणीने हरकत घेतली नाही. घाबरली असणार.

३० जानेवारी, दुपारी
ख गट: आतडी सुटी, चकचकीत. ओळखलं! बापाला आपली पोरं ओळखायला चिठ्ठी लागत नाही. शून्य, शून्य, एक. ग गट मध्यम, म्हणजे मिठाचं पाणी. क गट बघवेना. नुसता चिखल. दयामाया दाखवली नाही: चार, चार, तीन, चार. शेरा लिहिला, हे द्रव्य माणसाला देण्याचा विचारही करू नये. खाली ठसठशीत सही.
जाताना चिमणीला म्हणालो, खचू नकोस. म्हणाली, बरं सर.

१ फेब्रुवारी
भाषण तयार. "या यशात माझ्या विद्यार्थिनीच्या पराभवाचाही वाटा आहे." मोठ्या मनाचं वाक्य आहे. ठेवणार.

४ फेब्रुवारी
मामांनी सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. ख मेलाटोनिन. ग मिठाचं पाणी. क बियांचा अर्क.
मामांना पुन्हा वाचायला सांगितलं. वाचलं. तेच होतं.
फेरतपासणी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात मोठे सर उभे राहिले. म्हणाले, आपलंही औषध यात आहे हे माहीत असून या माणसाने एकाही गटाला सूट दिली नाही. टाळ्या. चिमणीचे डोळे भरून आले. म्हणाली, सर, तुमच्या जागी माझा हात थरथरला असता. मी म्हणालो, विज्ञानात आपलं-परकं नसतं. भाषण खिशातच राहिलं.

१२ फेब्रुवारी
चिमणीला तिच्या शोधनिबंधात माझा शेरा जसाच्या तसा हवा आहे. परवानगी मागायला आली. नाही म्हणणार होतो. एक स्वल्पविराम वाढवून दिला.

६ सप्टेंबर, सकाळी
मेलाटोनिन पेशंटना द्यायच्या सगळ्या मंजुऱ्या आल्या. पहिल्या पेशंट शिवणकाम करणाऱ्या एक बाई. आतडी चिकटून आजवर तीन ऑपरेशनं, उद्या चौथं. हातात संमतीचा कागद घट्ट धरलेला. विचारलं, डॉक्टर, हे नवं औषध तुमचं का?
हो म्हणणं अगदी जिभेवर आलं होतं.
म्हणालो, माझ्या विद्यार्थिनीचं. पण तिला जे काही येतं ते मीच शिकवलंय.
बाई म्हणाल्या, मग जरा त्यांनाच बोलवा ना.
बोलवायला गेलो.