हॉलमधली शाळा

बाबा, मी पुन्हा शिकवायला लागले आहे. निवृत्त झाले त्या दिवशी, आता खडूला हात लावणार नाही असं मी सगळ्या शिक्षकांसमोर सांगितलं होतं, आणि बोललेलं मी पाळते हे तुम्हाला माहीत आहे. तरी आमच्या नेरूळच्या घरात, हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलाशी रोज सकाळी नऊला माझा वर्ग भरतो. पटावर एकच मुलगी. तुमची पणती, आठ वर्षांची, तुम्ही न पाहिलेली. तिचं नाव आज कुठल्याही शाळेत नाही. हे वाक्य लिहितानासुद्धा माझा हात थांबतो. तुम्ही लोकांच्या ओट्यावर बसून, त्यांची बोलणी खाऊन, त्यांची पोरं शाळेत आणलीत. मी तीस वर्षं गणित शिकवलं आणि गैरहजर मुलांच्या आईबापांना ऑफिसात बोलावून झापलं. आणि आपल्याच घरातलं मूल मी स्वतः जाऊन शाळेतून काढून आणलं.

कल्पना माझी नव्हती. पोरीला सकाळी शाळेची बस यायच्या आधी उलटी व्हायची. रविवारी नाही, सुट्टीत नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही आणि तिला विचारलं तर ती नुसती मान हलवायची. त्यातच आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका कुटुंबाने आपली दोन्ही मुलं घरीच शिकवायला घेतली होती. त्यांनी परदेशी पुस्तकांचं एक खोकं आमच्याकडे वाचायला आणून दिलं. गुळगुळीत कागद, पानोपानी बर्फ आणि लाल कौलांची घरं, आणि प्रत्येक धड्याखाली बायबलमधलं एक शास्त्रवचन. मी ती पुस्तकं चाळली आणि म्हटलं, शाळा ती शाळाच. मुलगा म्हणाला, "आई, दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होईल, विश्वासात वाढेल पोरगी. यात वाईट काय आहे?" मी म्हटलं, प्रार्थना पाच मिनिटांची असते, उरलेल्या दिवसाचं काय? तेव्हा सून म्हणाली, "उरलेल्या दिवसासाठी तुम्ही आहात ना. एवढ्या लोकांच्या पोरांना शिकवलंत. एका नातीला नाही शिकवणार?" ती वाशीला ऑफिसात जाते, मुलगा तुर्भ्याच्या कारखान्यात. दोघं निघून गेल्यावर घरात मी आणि ती पोर. मला नाही म्हणता आलं नाही. खरं तर मला हो म्हणायची भीती वाटली होती आणि नाही म्हणायचीही.

दाखला आणायला मीच गेले. शाळेचा क्लार्क तरुण होता, पण नाकावर चष्मा ओढून बोलायची पद्धत जुन्या क्लार्कसारखीच. "नवीन शाळेचं नाव, मॅडम?" मी म्हटलं, नाही. "म्हणजे गावी चाललात?" मी म्हटलं, नाही. त्याने पेन खाली ठेवलं. "मग पोरगी शिकणार कुठे?" म्हटलं, घरी. त्याने शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे बघितलं, आणि समजूत काढल्यासारखा म्हणाला, "बरं, कारणात 'पालकांच्या विनंतीवरून' टाकतो. ते सगळ्याला चालतं." दहावीला बाहेरून बसता येतं, मुक्त विद्यालयाची परीक्षा असते, हे सगळं मी पाठ करून गेले होते. त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. दाखला पर्समध्ये घातला आणि रिक्षात पर्स दोन्ही हातांनी धरून बसले, जणू कुणी मागेल आणि मला द्यावा लागेल.

त्या दिवसापासून मी घाबरलेली आहे, बाबा. सकाळी बेल वाजली की आधी टेबलावरचा फळा भिंतीकडे वळवते, मग दार उघडते. लिफ्टमध्ये कुणी विचारलं, "आज सुट्टी का?" की पोरीच्या आधी मीच उत्तर देते. कुठून तरी कुणी येईल आणि वही मागेल, हजेरी मागेल, असं वाटत राहतं. आणि त्याहून मोठी भीती अशी की माझ्यामुळे हिचं नुकसान होईल. वर्गात पन्नास मुलं असली की चूक पन्नासांत वाटली जाते. इथे माझी प्रत्येक चूक एकाच पोरीवर पडणार.

घरी शिकणं मला नवीन नाही, हे मात्र लक्षात आलं. मला विषमज्वर झाला त्या वर्षी तुम्ही मला वर्गात बसू दिलं नव्हतं. शाळेमागच्या आपल्या दोन खोल्या, आई चुलीपुढे, मी भिंतीला टेकून घोंगडीत, आणि मधल्या सुट्टीत तुम्ही हाताचा खडू न झटकताच आत येता. पाटीवर काही लिहीत नाही. आईच्या हातातली भाकरी थापली जाते आहे, त्या ठेक्यावर तुम्ही माझ्याकडून दिडकीचा पाढा म्हणवून घेता. बे दिडे तीन, तीन दिडे साडेचार. चुकलं की आई थापायची थांबते. तुम्ही रागावत नाही, पण ती भाकरी तशीच परातीत वाट बघत राहते आणि मला रडू येतं. वर्षाअखेरीला तुम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी असं सगळं स्वतःच्या हाताने लिहून, दोऱ्याने शिवून मला दिलंत. तेवढी एकच भेट तुम्ही मला दिल्याचं आठवतं. मी आता त्याच दिडकीपासून सुरुवात केली. पोर म्हणाली, "आजी, हे तर गाणं आहे." मी म्हटलं, गाणं नाही, गणित आहे, नीट बस.

दुसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरची पोरगी आली. तिचं घर मूळ इथल्याच गावातलं. आजोबांनी आयुष्यभर खाडीत जाळी टाकली, आई बाजारात मासळी विकते. पोरीची शाळा दुपारच्या पाळीची, म्हणून सकाळी ती जिन्यात एकटीच खेळत असायची. एकदा कचरेवाल्यासाठी उघडलेलं आमचं दार तसंच राहिलं, तशी उंबऱ्यावर उभी राहून ऐकत राहिली. मग आत आली, मग टेबलाशी बसली. मला 'मॅडमआजी' म्हणायला लागली. मी तिच्या आईला विचारायला गेले, तर ती हातातली कोयती खाली न ठेवता म्हणाली, "बसू द्या हो मॅडम. इथं नुसती माझं डोकं खाते. नाय आयकली तं द्या एक ठेवून." दोघी मिळून टाळ्यांवर दिडकी म्हणायच्या. आमची पोर हसायला लागली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. सकाळची उलटी थांबली होती. सून मला एकदा स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, थँक्यू." मी म्हटलं, कुकर बंद कर.

आमचा वर्ग तेव्हा गीत आणि प्रार्थनेने सुरू व्हायचा. ती पोरगी नऊच्या आधीच येऊन बसायची. तिला मी कधी काही म्हणायला सांगितलं नाही. पण मुलांना सांगावं लागत नाही, ती बघतात. एके दिवशी तिची आई जिन्यात भेटली आणि हसत हसत सांगायला लागली, "मॅडम, काल आमच्या पोरीनं काय केलं म्हायताय? ताटावर बसली, डोळं मिटलं, हात जोडलं नि म्हनते, आमेन! तिचा आजा म्हनतो, अगो, जवला थंड होतोय, देवाला सांग लवकर उरक." तिला हसू आवरत नव्हतं. मीही हसल्यासारखं केलं आणि कठडा धरून वर आले.

तुम्हाला ती चैत्राची दुपार आठवते का? गावात कुणी तरी उठवलं होतं की मास्तर शिकवायच्या नावाखाली पोरं बाटवतो. तुम्ही आम्हाला काही सांगितलं नाहीत. फक्त प्रार्थनेच्या वेळी रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायला लागलात. त्या उकाड्यात आम्ही घामाने निथळत बसायचो आणि गीत पुटपुटायचो. मी एकदा विचारलं, "बाबा, मोठ्याने म्हटलं तर काय होईल?" तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडलात, "तोंड आवर." तुमचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. तो राग आहे असं मी कॉलेजात जाईपर्यंत समजत होते, आणि माझ्यावर विनाकारण ओरडलात म्हणून तुमच्याशी कितीतरी वर्षं मनातून फटकून वागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरगी वही घेऊन आली तेव्हा मी तिला उंबऱ्यावरच थांबवलं. म्हटलं, "आजपासून येऊ नकोस. हिची तब्येत बरी नाही." ती माझ्या पाठीमागे वाकून बघत होती. मी दार लावलं. मनात एकच चाललं होतं. तिच्या आईने हसत मला सांगितलं, तसंच ती बाजारात सांगेल. तिथे दुसरं कुणी हसणार नाही. कुणी म्हणेल, ख्रिस्ती बाई आहे, पोरांना घरात जमवते, आमेन म्हणायला लावते. मग कुणी तरी वर येईल, आणि आधी विचारेल की तुमची स्वतःची नात कुठल्या शाळेत आहे. मला त्याचं उत्तर देता येणार नाही. शेजारणीने माझं काहीही वाईट केलं नव्हतं. मी तिच्या हसण्याला घाबरले.

दोन दिवसांनी बेल वाजली. दारात शेजारीण उभी, हातात डबा. "पोर आजारी हाय ना, पेज आनलीय. जरा सुकट भाजून दिलीय बरोबर, तोंडाला चव येल." मी डबा घ्यायला हात पुढे केला, तोच आमची पोर आतून धावत आली, मैत्रीण आली असेल म्हणून. शेजारणीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरी दिसते की." मी म्हटलं, आता बरी आहे, पण अभ्यास मागे पडलाय, दोघी असल्या की गप्पाच होतात. हे सगळं मी माझ्या शाळेतल्या आवाजात सांगितलं. तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाली, "तसं व्हतं तं तसं सांगायचं, मॅडम. आजारपन कशाला लावायचं लेकराच्या मागं?" डबा माझ्या हातात देऊन ती जिना उतरून गेली. पोरीने विचारलं, "आजी, मला काय झालंय?"

पुढच्या सोमवारी, नऊला दहा मिनिटं असताना, पोरीला उलटी झाली. बस नव्हती, शाळा नव्हती. माझी टेबलावर मांडलेली वही होती आणि मी होते. मी लादी पुसली. सुनेला फोन केला नाही. मंगळवारी पुन्हा तेच. मी तिला कुशीत घेतलं तर ती ताठ झाली. ती माझ्या अंगाला नाही, माझ्या भीतीला ताठ झाली होती. दारावर बेल वाजली की मी दचकते, हे ती टेबलापलीकडून रोज बघत होती. दिडकीच्या आधी मी तिला तेच शिकवलं होतं.

बुधवारी मी खाली गेले. शेजारीण बाजारातून नुकतीच आली होती, पाय धूत होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "मी खोटं बोलले. तुमच्या मुलीने आमेन म्हटलं, मला भीती वाटली." तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. पाय पुसत ती म्हणाली, "कुनाची भीती? माजी?" आतून म्हातारा म्हणाला, "अगो, आधी बसव तरी त्यांना." ती स्टूल पुढे सरकवत म्हणाली, "कमाल करता, मॅडम. पोरगी तुमच्याकडं येताना केस विंचरून येते, एवढी तुमाला घाबरते. नि तुमी आमाला घाबरता?" हसली नाही मात्र. मी निघाले तेव्हा एवढंच म्हणाली, "पोरगी येल. पन आता जे काय असेल ते मला तोंडावर सांगायचं." मी हो म्हटलं.

पोरगी दुसऱ्या दिवशी आली. आमची पोर तिला बघून किंचाळली, मग दोघी टेबलाखाली जाऊन बसल्या आणि मी त्यांना तिथेच दिडकी म्हणू दिली. उलटी थांबली आहे. किती दिवसांसाठी, ते मला माहीत नाही. दहावी फार लांब आहे आणि मी तोवर असेन का, हेही माहीत नाही.

पण तुम्हाला सगळं सांगायचं तर हेही सांगते. प्रार्थना आता आम्ही साडेआठलाच उरकतो, ती यायच्या आधी. गीत एकच कडवं, हळू आवाजात. मुलाला मी वेळापत्रकाचं कारण सांगितलं आहे आणि त्याने विश्वास ठेवला. शेजारणीने तर हे मागितलंही नव्हतं. दुपारची वेळ आहे, पोर शेजारी चित्र काढते आहे आणि विचारते आहे की आजी कुणाला पत्र लिहिते. मी म्हटलं, कुणाला नाही. हे सगळं मला सकाळच्या प्रार्थनेत सांगता आलं असतं. तिथे सांगायची लाज वाटली, म्हणून तुम्हाला लिहिलं.