डाव्या पंखाखालचा दोष

४ फेब्रुवारी

सौ. बाईसाहेब,

'कैलासवासी' लिहावयास हात धजत नाही, म्हणून मायना जुनाच. हे तू वाचणार नाहीस, हे मी जाणतो. भ्रमात राहणे हा माझा पिंड नाही.

मॉडेल क्लबमधले तुझे टेबल, कपाट आणि खोलीच्या किल्ल्या आजपासून माझ्या ताब्यात. महिनाअखेरीस प्रदर्शन आहे. तुझे अर्धवट राहिलेले प्लॅस्टिकचे सी-प्लेन मी पूर्ण करणार. ते न झाल्यास टेबल दुसऱ्या सभासदास द्यावे लागेल, असे सेक्रेटरी संकोचून म्हणाले. सेक्रेटरी म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. सगळे त्यांना दंतवैद्यच म्हणतात. तसा प्रसंग येणार नाही, असे मी त्यांना सांगितले.

७ फेब्रुवारी

मुलीचा फोन. बाबा, तुम्ही हातोडी हातात घेतलीत की आई शेजाऱ्यांना सावध करायची, आणि तुम्ही विमान बनवणार? असे म्हणून हसली. हसता हसता तिने नाक ओढले. मी हवामानाविषयी बोललो.

१० फेब्रुवारी

विमानाचे दोन भाग तू चिकटवून ठेवलेले आहेत. पाठीवर सांध्याची रेघ दिसते. तीवर लिक्विड फिलर प्रायमर लावावयाचा. म्हणजे पातळ पुट्टीच: ब्रशने खाचेत भरावी, वाळू द्यावी, मग पाणी लावून बारीक सँडपेपरने घासावी. कोट पातळ द्या, जाड दिलात तर आतून ओला राहतो, असे दंतवैद्यांनी पुन्हा पुन्हा बजावले. मी पदवीधर आहे; एकदा सांगितलेले पुरते.

जाड कोट दिला. वेळ वाचला.

प्रायमरचा वास उग्र आहे. डोळ्यांतून सारखे पाणी येते.

१३ फेब्रुवारी

सांधा गेला. सोबत पाठीवरच्या नाजूक रेघा आणि रिव्हेटचे बारीक ठिपकेही गेले. विमान साबणाच्या वडीसारखे दिसते. परंतु गुळगुळीतपणा हा दोष मानता येणार नाही.

अहो साहेब, एक दात किडला म्हणून आम्ही अख्ख्या जबड्यावर सिमेंट ओतत नाही, असे दंतवैद्य म्हणाले. मत्सर.

१६ फेब्रुवारी

सी-प्लेनच्या डाव्या पंखाखाली एक खडबडीत डाग सापडला. कारखान्याचा दोष. घासला, वर प्रायमरचा जाड कोट भरला. तुझ्या नजरेतून हे सुटले याचे नवल वाटते.

१८ फेब्रुवारी

अधिक नवल. कपाटातल्या तुझ्या सर्व जुन्या मॉडेल्सवर, डाव्या पंखाखाली, तोच दोष! कंपनीस खरमरीत पत्र लिहिणार. तूर्त सर्व मॉडेल्स दुरुस्त केली. आता एकातही उणे काढता येणार नाही. बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागले.

२१ फेब्रुवारी

प्रदर्शनासाठी मॉडेल्स निवडताना दंतवैद्यांनी एक विमान उलटे केले. मग दुसरे. मग सगळीच. अंगठा कुठे गेला, असे त्यांनी विचारले.

त्यांनी सांगितले ते असे: पहिल्या विमानाच्या वेळी गोंद ओला असताना तू पंख धरलास, प्लॅस्टिक मऊ पडले आणि अंगठा उमटला. तेव्हापासून प्रत्येकावर मुद्दाम. पदवीधराच्या घरात एक तरी अंगठेबहाद्दर हवा, असे इथे सर्वांना सांगायचीस म्हणे. दर प्रदर्शनात लोक आधी विमान उलटे करून पाहत.

हे मला ठाऊक होतेच. तपशील तेवढा ठाऊक नव्हता.

२२ फेब्रुवारी

कपाटातल्या जुन्या मॉडेल्सवरचा प्रायमर थिनरने काढला. रंगही निघाला. खाली सपाट प्लॅस्टिक. घासण्याचे काम मी चोख केले होते.

आज प्रायमरची बाटली उघडली नाही, तरी डोळ्यांतून पाणी येते. वास भिंतींत मुरला असावा.

२४ फेब्रुवारी

मुलीकडे तुझे एक लहान पिवळे विमान आहे. तपासणीसाठी पाठव, असे मी तिला म्हणालो. बाबा, त्याला तुम्ही हात लावायचा नाही, असे म्हणून ती रडू लागली. संध्याकाळी तिने फोटो पाठवला. मोठा करून पाहिला. ठशावर एक तिरपी रेघ आहे. भाजी चिरताना कापल्याची, असे मुलगी म्हणते. ती खूण मला आठवत होती, असे लिहिणार होतो.

२८ फेब्रुवारी

प्रदर्शन झाले. सी-प्लेन मांडले नाही. टेबल रिकामे केले.

बांधाबांध करताना सी-प्लेन उचलले, तर डाव्या पंखाखाली माझाच अंगठा रुतला. जाड कोट आतून अजून ओला होता. ठसा ओबडधोबड आहे, आणि फार मोठा. राहू द्या आता, असे दंतवैद्य म्हणाले. मी म्हणालो, छे, घासून काढणार.

सँडपेपर पिशवीत तळाशी गेला होता. पिशवी पुन्हा कोण उचकणार.

दार लावले. कुलूप ओढून पाहिले. किल्ल्या दंतवैद्यांना परत केल्या.