डावा हात टेबलावर

४ फेब्रुवारी

चि. टकळीस, अनेक आशीर्वाद.

आपल्या बूट कंपनीच्या टेबल टेनिस स्पर्धेत तू तुमच्या दुकानातर्फे उतरणार, हे तुझ्या दादांकडून कळलं. आता माझी बातमी ऐक, उभी असशील तर बस. स्पर्धेची पंच मी आहे! आमच्या कातडं कापण्याच्या विभागातून कुणीच खेळणारं नाही, तेव्हा निदान पंच तरी द्या म्हणून साहेब आले आणि सगळ्याजणी माझ्याकडे बोट दाखवून मोकळ्या झाल्या.

स्वयंपाक करता करता नियमांचं पुस्तक पाठ करते आहे. सर्व्हिस करताना चेंडू उघड्या तळहातावर ठेवायचा आणि निदान सोळा सेंटिमीटर सरळ वर उडवायचा. मी उडवते, तुझे दादा पट्टी घेऊन उभे राहतात. काल चेंडू दुधाच्या पातेल्यात पडला. तो नेटला लागला असं समजून पुन्हा उडव, असा निकाल देऊन दादा त्याच दुधाचा चहा प्यायले.

पण काय गं, बॅट धरलेल्या हाताच्या बोटांना लागून गेलेला चेंडू तुम्ही बाद धरता ना? पुस्तकात तो चालतो! म्हणजे लग्न झाल्यापासून मी किती डाव फुकट हरले? आणि मोकळा हात टेबलाला टेकला, की गुण समोरच्याला. तुम्ही भावंडं तर डाव्या हाताने टेबल धरूनच खेळता. आपल्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड, धरलं नाही तर ते डुगडुगतं, हे मान्य. पण कारखान्यातलं टेबल जागचं हलत नाही. ती सवय सोड, बाई.

तब्येतीला जप आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

११ फेब्रुवारी

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतकी हसले, की एका गिऱ्हाइकाच्या उजव्या पायात डावा बूट चढवला. तू पंच! गुण मोजता मोजता तुला मध्येच गॅस बंद केला की नाही अशी शंका येईल.

थट्टा पुरे. मला ही स्पर्धा जिंकायचीच आहे. जिंकणारीला थेट कंपनीच्या संघात घेणार आहेत. दिवसभर लोकांच्या पायांशी उकिडवी बसते, गिऱ्हाइकांना माझा फक्त भांग दिसतो. एकदा तरी लोकांनी मान वर करून माझ्याकडे बघावं असं फार वाटतं गं.

डाव्या हाताची काळजी करू नकोस. आणि टेकलाच चुकून, तर खुर्चीवर घरचंच माणूस आहे. तेवढी डोळेझाक करशील ना? गंमत केली. अर्धीच.

दादांना नमस्कार, तुला भरपूर प्रेम.

तुझी,
टकळी

२० फेब्रुवारी

चि. टकळीस, अ. आ.

तुझी अर्धी गंमत मला पुरती झोंबली. साहेबांना जाऊन सांगितलं, की खेळाडूंत माझी नणंद आहे, दुसरा पंच बघा. ते म्हणाले, पुस्तक वाचलेल्या तुम्ही एकट्याच, आणि बाकीच्यांची हरकत नाही. तेव्हा खुर्चीवर मीच. घरी ये, मागशील ते करून घालीन. पण त्या खुर्चीवर मला नणंद नाही. राग यायचा असेल तर आत्ताच येऊ दे.

तुझी,
वहिनी

५ मार्च

चि. टकळीस, अ. आ.

अंतिम सामना संपला आणि तू न जेवता, न बोलता बस गाठलीस. घरी तुझं ताट वाढून ठेवलं होतं.

नऊ-दहा. एका गुणाने मागे होतीस आणि काय फटका मारलास! समोरच्या पॅकिंगवालीला चेंडू दिसलासुद्धा नाही. सगळं कॅन्टीन ओरडलं. पण तुझा डावा हात टेबलावर सपाट टेकला होता. मी गुण तिला दिला, सामना संपला. नक्की का, असं तिनेच मला दोनदा विचारलं.

माझं चुकलं का, असं दादांना विचारलं. ते म्हणाले, निकाल बरोबर आहे, पण आज कशातच मीठ नाही. चुकले असते तर माफी मागितली असती. चुकले नाही, म्हणून मागत नाही. रडले मात्र पुष्कळ. दोन ओळी टाक, रागाच्या असल्या तरी चालतील.

तुझी,
वहिनी

१८ मार्च

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

राग आला होता, खोटं कशाला बोलू! दुकानात सगळ्यांना सांगत सुटले, की माझ्या सख्ख्या वहिनीने मला हरवलं. सगळ्यांनी हळहळून घेतलं. एवढंसं बघितलं नसतं तर काय बिघडलं असतं, असं जो तो म्हणे, आणि मला बरं वाटे.

परवा दुकान बंद झाल्यावर आम्ही मागच्या गोदामात खेळलो. ऐन मोक्याच्या गुणाला माझा हात पुन्हा टेकला. समोरच्या कॅशिअरने पाहिलं. गुण मोजणाऱ्या मॅनेजरनेही पाहिलं. दोघं गप्प बसले, बिचारी आधीच हरून आलीय म्हणून. मी जिंकले, त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संघात एक राखीव जागा आहे, तिची निवड मे महिन्यात तुमच्याच कारखान्यात होणार आहे. साहेबांना आजच कळवलं, की तुमची पंच माझी वहिनी आहे आणि माझ्या सामन्याला मला तीच हवी. माझी बाजू घेणारे पुष्कळ आहेत, वहिनी. माझा हात टेकला, हे तोंडावर सांगणारी तू एकटीच.

लोभ आहे तो असाच कडक राहू दे.

तुझी,
टकळी