कडब्याच्या गाडीखाली

पळसदेव,
रविवार सकाळ

प्रिय नागेश,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं, खोटं कशाला बोलू. पण पत्राची सुरुवात शिवीनं करू नये असं आईनं शिकवलंय, म्हणून राहू दे. तुझ्या सत्काराची बातमी गेल्या आठवड्यात वाचली. तुझं हसरं तोंड आणि शेजारी तो फोटो: शिर्सुफळच्या अलीकडचं फाटक, बारामतीच्या छोट्या रुळावरचं वाफेचं इंजिन आणि त्याच्यामागं आभाळ चिरत उतरलेली वीज. खाली तुझं नाव, नेहमीसारखंच. तो फोटो मी काढलाय हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, आणि दोघांपैकी एकजण आज त्याबद्दल शाल पांघरून घेणार आहे.

वाफेची इंजिनं बंद होणार असं कानावर आलं, त्या उन्हाळ्यात आपण एकही रविवार घरी काढला नाही. तुझी सायकल आणि माझ्या वडिलांचा जुना कॅमेरा, चौकोनी फोटो काढणारा, एका रोलमध्ये बाराच. घरी मी शिवणक्लासचं नाव सांगायची. वळिवाचं आभाळ दाटून आलं की लोक घराकडं पळायचे आणि आपण रुळाकडं. साध्या उन्हातलं इंजिन कोणीही काढेल, असं तू म्हणायचास. बोलण्यात तू तेव्हापासूनच पटाईत. माझा बोलण्यावर विश्वास बसायचा, वय तसं होतं.

त्या संध्याकाळी आधी धुरळा उठला आणि मग गारा. बाभळीची फांदी मोडून रुळावर पडली, म्हणून ड्रायव्हरनं गाडी फाटकाच्या अलीकडं थांबवली. दिवा जळत होता, वाफ आडवी उडत होती. फाटकाशी दत्तोबांची कडब्यानं भरलेली बैलगाडी अडकली होती. बैल आवरता आवरता म्हातारा मला ओरडला, "पोरी, हिकडं गाडीखाली ये, ईज पडंल." मी गेले नाही. कॅमेरा मैलाच्या दगडावर टेकवला, ओढणीनं गारांपासून झाकला, बटण दाबून धरलं आणि मोजायला लागले. वीज येईपर्यंत कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवायची, एवढंच मला येत होतं. चौदा म्हणताना वीज पडली. बोटं सुन्न झाली होती, पण मला वाटलं, आपल्याला आयुष्यात एक काहीतरी नीट जमलं.

रोल तुझ्या वडिलांच्या स्टुडिओत दिला. धुतलास तू. चार दिवसांनी निगेटिव्ह हातात ठेवल्यास तेव्हा अकराच होत्या. नववा फोटो जळला म्हणालास, आणि माझी समजूत घालायला पेढेसुद्धा आणलेस. मी ते खाल्ले, याचा मला अजून राग येतो. दोन महिन्यांनी तोच फोटो बक्षीस मिळवून छापून आला. जाब विचारायला आले तेव्हा तू हळू आवाजात म्हणालास, "राजू, वादळात माझ्यासंगं रुळावर होतीस हे तुझ्या घरी सांगू का?" बस, एवढंच. मी घरी परतले. दिवाळीनंतर लग्न होऊन पळसदेवला आले. तू मागणी घालशील म्हणून मी तोवर दोन स्थळं परतवली होती, हेही आज कळू दे तुला.

इथं माझं वाईट झालं नाही. रामहरी भला माणूस आहे. उजनीचं पाणी उतरलं की देऊळ वर येतं, त्याचे फोटो काढायला मला स्वतः होडीतून नेतो. पण तू व्याख्यानं द्यायचास ना, त्यातलं एक मी बारामतीत मागं बसून ऐकलंय. भरधाव इंजिनासमोर छाती काढून उभा होतो, म्हणालास. टाळ्या पडल्या. अरे, चौदा सेकंद झडप उघडी असताना भरधाव इंजिन कधी असं रेखीव येतं का? त्याचा नुसता पट्टा उमटतो. चोरी केलीस ती केलीस, निदान विद्या तरी शिकायची होतीस. त्या सभागृहात हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही, आणि मी गप्प बसले, कारण हातात पुरावा नव्हता.

तो पुरावा गेल्या महिन्यात आला. तुझ्या वडिलांचा स्टुडिओ मोडीत काढलास, तेव्हा तिथं वर्षानुवर्षं झाडलोट करणाऱ्या भामाबाई माझ्याकडं एक पाकीट घेऊन आल्या. नाव तुमचं हाय, म्हणून टाकवंना, म्हणाल्या. तुझ्या वडिलांची, तात्यांची सवय तुला माहीत आहे; दुसऱ्याची निगेटिव्ह ते कधी फेकत नसत, नावाच्या पाकिटात घालून ठेवत. तू तिच्यावरून प्रती काढून ती कुठल्या खणात दडवली होतीस कोण जाणे, त्यांना सापडली. पाकिटावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय: 'राजेश्वरी. नऊ नंबर. परत देणे.' म्हणजे त्यांना कळलं होतं. त्यांनी तुला काही विचारलं नाही की तू दाद दिली नाहीस, ते तुझं तू जाण.

फोटो उभा छापायचास, त्याचं सगळे कौतुक करतात. माझा फोटो चौकोनी आहे. डावीकडचा भाग तू कायम कापलास. तिथं कडब्याची गाडी आहे. चौदा सेकंदांत जे हललं ते उमटलं नाही. बैल धुरासारखे आलेत, दत्तोबा तर नाहीतच. पण गाडीखाली इंजिनाच्या दिव्याच्या उजेडात एकजण उकिडवा बसलाय, दोन्ही कानांवर हात, डोळे घट्ट मिटलेले. भीतीनं इतका ताठरलेला, की शर्टाची बटणंसुद्धा मोजता येतात.

आता हे पत्र का, ते सांगते. सत्काराच्या फोटोचं काम आयोजकांनी बारामतीत ज्या दुकानात दिलं, ते माझ्या मुलीचं, निकिताचं आहे. तुझ्या उजव्या हाताला लाल कापडाखाली जे झाकलंय ते चार फूट रुंद आणि चार फूट उंच आहे. हे पत्र तिनंच आत्ता तुझ्या हातात दिलंय, तू शाल पांघरून व्यासपीठावर बसल्यावर. पाहुण्यांचं भाषण चालू असेल, तेवढ्यात वाचून होईल. मग तुला दोरी ओढायला बोलावतील. त्याआधी माईक घेऊन माझं नाव सांगायचं असेल तर सांग, नाहीतर ओढ. मी तिसऱ्या रांगेत बसले आहे, मांडीवर वडिलांचा कॅमेरा आहे आणि झडप उघडायची माझी तयारी आहे. फक्त त्या दिवशी हलला नाहीस तसाच आजही हलू नकोस, म्हणजे याही फोटोत स्पष्ट येशील.

तुझीच होता होता वाचलेली,
राजेश्वरी