ऊस न तोडणाऱ्यांच्या पोरी

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले बाई एकदाची! घाटनांदूरहून दोन एसट्या बदलून वडवणी, तिथून सहा किलोमीटर काळीपिवळीत कोंबून. सात वर्षं बी.एड.चा कागद घेऊन फिरत होते. आई म्हणायची, वने, त्या कागदात आता शेंगदाणे बांध. आज त्याच कागदावर नववीची वर्गशिक्षिका झाले. हसणाऱ्यांना म्हणावं, आता बसा गप्प.

राहायचीही सोय झाली. शाळेतल्या सगळ्यात जुन्या शिक्षिका मुक्ताबाई यांच्या घराची वरची खोली मिळाली. सगळे त्यांना ताई म्हणतात. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. आल्या आल्या त्यांनी बाजरीची गरम भाकरी आणि मेथीची भाजी पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, लेकीसारखी राहा. खिडकी गल्लीवर उघडते, समोर चहाचं हॉटेल. मला माणसांची ये-जा लागतेच, नाहीतर करमत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

पट अठ्ठेचाळीस आणि वर्गात पोरं एकोणतीस. दोनदा मोजली. ताई हसल्या. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघतात, पोरंही आईबापामागं जातात, हजेरीत नावापुढं लाल शाईनं 'स्थलांतरित' लिहायचं आणि मोकळं व्हायचं, म्हणाल्या. शिकले.

पोरी मात्र अजब आहेत. मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसतात आणि पुढचे दोन बाक रिकामे. आम्ही पुढच्या बाकासाठी एकमेकींच्या वेण्या उपटायचो! इथं प्रश्न विचारला की सगळ्यांच्या माना खाली. एकीला दटावून पुढं बसवलं तर तिनं रडून गोंधळ घातला. लाडावलेल्या आहेत, दुसरं काय. सरळ करते एकेकीला.

१० नोव्हेंबर, सोमवार

शाळेच्या फाटकाशी सीताफळांचा गाडा घेऊन खाजामियाँ उभे असतात. आज त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, माझ्या सुरैयाचं नाव अजून हजेरीत घेता का? सुरैया माझ्याच वर्गातली, सप्टेंबरपासून घरी आलेली नाही. पोलिसांनी, पळून गेली असेल, म्हणून वाटेला लावलं. मी मूर्खासारखी म्हणाले की हजेरीत तर स्थलांतरित आहे. म्हाताऱ्यानं हातातलं सीताफळ गाड्यावर ठेवलं.

"आमी ऊस तोडत न्हाई, बाई. आमी फळं इकतो. माझी पोरगी कारखान्याला कशापायी जाईल?"

तशीच शाळेत गेले. कपाट उघडून मागची हजेरीपत्रकं काढली. तीन वर्षांत अशा आणखी तीन निघाल्या. एक शिंप्याची, एक न्हाव्याची, एक वायरमनची. एकाही घरात कोयता नाही आणि चौघींच्या नावापुढं लाल शाई. सुरैयाचं तर सप्टेंबरातलं, तेव्हा कुठला आलाय कारखाना!

१२ नोव्हेंबर, बुधवार

चाचणीचे पेपर तपासत होते. मुबश्शिरा नावाची पोरगी आहे, सुरैयाची मैत्रीण. बाप मुस्तकीम बीडला गॅरेजात, आई नाही, म्हणून संस्थेच्या वसतिगृहात राहते. तिच्या पेपरावर पेन्सिलीनं सगळी उत्तरं बरोबर लिहून खोडलेली आणि वर शाईनं चुकीची लिहिलेली. बाजूला घेऊन विचारलं. आधी दाराबाहेर बघून आली, मग बोलली.

"पयला नंबर आला की आप्पाराव साहेबांच्या बंगल्यावर सत्काराला नेतात. सुरैयाला नेलतं."

आप्पाराव म्हणजे आमचे संस्थाचालक. चौघींचाही सत्कार झाला होता म्हणे आणि त्यानंतर कुणीच घरी आली नाही. म्हणून पोरींनी आपसात ठरवून टाकलंय: पुढं बसायचं नाही, हात वर करायचा नाही, पहिलं यायचं नाही. आणि मी यांना लाडावलेल्या म्हणत होते! जीभ झडावी माझी. तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तुझं नाव मरेपर्यंत कुणाला कळणार नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ताईंना सगळं सांगितलं. त्या पदराआड कितीतरी वेळ रडल्या. म्हणाल्या, मला बाईमाणसाला धीर नव्हता, तू लिही. त्यांचा भाचा अजिनाथ पेपराचा इथला बातमीदार आहे. तीन पानं लिहून काढली. ताई म्हणाल्या, साक्षीदाराचं नाव लागतं, नाहीतर पेपरवाले छापत नाहीत, पण नाव गुप्त ठेवतात. थोडी घुटमळले. मग लिहिलं, मुबश्शिरा. ताईंनी पानं घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रोज पेपर उलटा-पालटा करते. आप्पारावांच्या वाढदिवसाचं आख्खं पान आहे. चकलांब्याच्या कुणाची म्हैस हरवली तिच्या चार ओळी आहेत, डावं शिंग मोडकं, कपाळावर पांढरा टिळा, आणून देणाऱ्यास बक्षीस. पोरींबद्दल एक अक्षर नाही. ताई म्हणतात, धीर धर. खाजामियाँना मीच सांगून बसले होते, ते रोज विचारतात, आली का बातमी? मी फाटकातून मान खाली घालून जाते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज हॉटेलात अजिनाथला गाठलंच. पोरींच्या बातम्या कोण वाचतं, पळून जातात आणि नाव आमचं खराब करतात, असं तोंड वर करून म्हणाला. मग माझी तीन पानं? कोणती पानं, म्हणाला. खोटं बोलत नव्हता. त्याला मिळालीच नाहीत.

ताईंना विचारायचं धाडस झालं नाही. दुपारी शाळेतलं कपाट उघडून ती हजेरीपत्रकं पुन्हा बघितली. लाल शाईतली अक्षरं ताईंची आहेत. चारही.

त्यांच्या हातची भाकरी खाते मी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

परिपाठात ताईंनी माईकवर जाहीर केलं, चाचणीत नववीत पहिली, मुबश्शिरा. मी अजून गुणही दिलेले नाहीत. उद्या सकाळी बंगल्यावर सत्कार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पोरींनी नाही. मुबश्शिरानं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

वसतिगृहाच्या बाईंनी मला दारातच अडवलं. उद्या पहाटेच मी जाऊन तिला उचलणार आणि पहिल्या एसटीनं बीडला, तिच्या बापाकडं. पिशवी भरायला वर आले —

बाहेरून कडी लागली. मोबाईल खाली चार्जिंगला. ताई, ताई म्हणून दार बडवलं. जिन्यात उभ्या होत्या. श्वास ऐकू येत होता त्यांचा. नंतर उतरून गेल्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दाराखालून पेपर आत सरकवला. ताईंनीच.

पहिलं पान. माझा फोटो, नोकरीच्या अर्जावरचा. "विद्यार्थिनीला फूस लावून शिक्षिका पसार." कालपासून दोघी बेपत्ता. मुक्ताबाई म्हणतात, लेकीसारखं ठेवलं, असा केसानं गळा कापेल असं वाटलं नव्हतं.

चार पोरींना चार ओळी नव्हत्या. मला तीन कॉलम —

मी इथंच आहे. खोलीत.

साडेसात. खिडकीला गज. खाली गल्लीत — मुबश्शिरा. इस्त्रीचा गणवेश. ताईंनी हात धरलाय. आहे, अजून आहे. पेपरात गेली, पण गल्लीत आहे —

हाका मारल्या. हॉटेलात आठ-दहाजण. सगळ्यांच्या हातात पेपर. एकानं वर बघितलं, फोटोकडं बघितलं, मग बाकडं फिरवून पाठ करून बसला. अजिनाथही आहे. चहा पितोय.

ती वर बघतेय. ताई तिच्या कानाशी वाकल्या — काय सांगितलं? नाव मी दिलं, हेच —

जाऊ नकोस, ओरडले. तिनं मान खाली घातली. चालायला लागली.

आता तिला कुणी शोधणार नाही. ती माझ्याबरोबर आहे ना. शोधतील ते मला, आणि मी —

जिन्यावर पावलं. ताईंची नाहीत. दोघं. जड.

हे पान गजातून टाकते. ज्याला सापडेल — तिचं नाव मुबश्शिरा, बाप मुस्तकीम, बीडला गॅरेजात. ती पळाली नाही. तिला मी —