शेळ्यांची हाक पूर्ववत करून मिळणेबाबत

प्रति,
मा. पशुवैद्यकीय अधिकारी साहेब,
जनावरांचा सरकारी दवाखाना,
लाकडाच्या वखारीमागे.

विषय : शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर लसीकरण शिबिरात वापरल्यामुळे निकामी झालेली माझी हाक पूर्ववत करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) मागील शिबिराच्या दिवशी आपण माझ्या दारात येऊन केलेली तोंडी विनंती.
२) आपल्या शिपायाने काल आणलेला तसाच दुसरा निरोप.

महोदय,

वरील विषयास अनुसरून मी, गल्लीतील शेळ्या-मेंढ्या चरायला नेणारी, जिला आपल्यासह सगळे मावशी म्हणतात, विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की :

१. शिंप्याच्या, सायकल दुरुस्तीवाल्याच्या, निवृत्त मास्तरीणबाईंच्या आणि आणखी बऱ्याच घरांच्या शेळ्या-मेंढ्या मी रोज सकाळी गोळा करून जुन्या खाणीकडच्या माळावर नेते व संध्याकाळी ज्याच्या त्याच्या दारात पोचवते. या कामी माझ्याकडे पाण्याची बाटली, छत्री आणि एक हाक एवढेच भांडवल आहे. सदर हाक मला सासूबाईंकडून मिळाली. दागिने जावेला मिळाले. ही हाक कागदावर लिहिता येत नाही. आपल्या कंपाउंडरने ती एकदा लिहून पाहिली होती, पण वाचून दाखवली तेव्हा मोटार चालू होत नसल्यासारखे वाटले. ती मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मारली की माणसांची दारे उघडण्याआधी शेळ्या रस्त्यावर येत असत. 'असत' हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे.

२. मागील शिबिराच्या दिवशी आपली गाडी आली. भोंग्यावरून रोगाची माहिती देण्यात आली व ती सगळ्यांत आधी शेळ्यांनी मनावर घेतली. शिंप्याची म्हातारी शेळी, जिला तिच्या तोऱ्यामुळे गल्लीत मुकादमीण म्हणतात आणि जी जाईल तिकडे बाकीचा कळप जातो, ती पत्र्याच्या छपरावर चढली. मग बाकीच्यांनाही छप्पर आवडले. आपण स्वतः बूट घालून एका करडाच्या मागे गटारापर्यंत धावलात. गटारात काय झाले तो या अर्जाचा विषय नाही. त्यानंतर आपण ओल्या बुटांनी माझ्या दारात येऊन म्हणालात, "मावशी, तुमचं ऐकतात ना त्या? मारा की एक हाक. तुमच्या पाया पडतो." पाया पडू नका म्हणून मी हाक मारली.

सगळ्या आल्या. काही तर तोंडातला घास तसाच घेऊन आल्या. आपल्या माणसांनी खाटा आडव्या लावून वाट बंद केली आणि सुया निघाल्या. साहेब, त्या वेळी एकही शेळी आपल्याकडे पाहत नव्हती. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या.

३. लसीबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे येथे स्पष्ट करते. मी लग्न होऊन आले त्या वर्षी हा रोग आमच्या गल्लीतून फिरून गेला आहे. नाक-डोळे गळायचे, तोंडात फोड यायचे, मग हगवण लागायची. सासूबाई सकाळी हाक मारायच्या आणि रोज आदल्या दिवसापेक्षा कमी शेळ्या यायच्या. तेव्हा आमच्यापर्यंत लस पोचली नव्हती. पोचली असती तर सासूबाईंनी आपल्याला खांद्यावर बसवून आणले असते. तेव्हा टोचायला हरकत नाही. तक्रार आहे ती टोचण्यासाठी माझे तोंड वापरण्याबद्दल.

४. शिबिराच्या दुसऱ्या दिवसापासून मी हाक मारली की शेळ्या लपतात. मुकादमीण शिंप्याच्या मशीनखाली जाऊन बसते आणि शिंप्याला पायडल मारता येत नाही. मास्तरीणबाईंची शेळी जिना चढून त्यांच्या पलंगावर जाते. मेंढ्यांना स्वतःचे असे मत नसल्यामुळे त्या फक्त एकमेकींच्या मागे लपतात, म्हणजे शेवटची मेंढी नेहमी उघड्यावरच राहते, पण तिचेही मन माझ्यावर नाही.

मी उपाय करून पाहिले नाहीत असे नाही. मूठभर धान्य घेऊन उभी राहिले, तर त्या लांबूनच मान ताणून खाऊ लागल्या आणि संपताच निघून गेल्या. सुनेचा रेनकोट घालून गेले, तर शेळ्या फसल्या नाहीत, मास्तरीणबाईंनी मात्र मला ओळखले नाही. नवऱ्याला हाक मारायला उभे केले. त्यांच्या घशातून निघालेला आवाज काय आहे हे पाहायला सगळ्या शेळ्या कुतूहलाने बाहेर आल्या, पण त्यांच्यामागे मी दिसले आणि सगळे मुसळ केरात. आता रोज एकेकीला गळ्यात दोर बांधून ओढत माळावर न्यावे लागते. पोचेपर्यंत परतायची वेळ होते.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट नमूद करणे भाग आहे. सायकल दुरुस्तीवाल्याच्या दुकानात शेळ्या शिरून ट्यूब चघळत असत. त्याने माझी हाक मोबाइलवर भरून घेतली आहे. शेळी दिसली की तो बटण दाबतो आणि शेळी पळते. "मावशी, तुमचा लई उपकार झाला," असे तो मला भर रस्त्यात म्हणाला. साहेब, मी तशीच मागे फिरले. घरी येऊन रडले.

५. शिंप्याने परवा माप घेण्याच्या निमित्ताने मला बसवून घेतले आणि म्हणाला, "राग मानू नका मावशी, पण दूधवाल्याचा मेहुणा मोटरसायकलवर शेळ्या वळायला तयार आहे. त्याच्याकडे हॉर्न आहे." माझ्या जागी हॉर्न येणार हे ऐकून मला जे वाटले ते सरकारी भाषेत लिहिता येत नाही. मला दुसरे काही येत नाही आणि दुसरे काही करावेसेही वाटत नाही. या शेळ्या माझ्या नाहीत, पण त्यांच्यातल्या बहुतेकींना मी जन्मताच ओल्या अंगाने उचलून त्यांच्या आयांच्या आचळाला लावले आहे.

६. आता मुद्द्याचे. येत्या शिबिरात, मागच्या वेळी फार लहान म्हणून सोडलेल्या करडांना आणि कोकरांना लस द्यायची आहे. "मावशींना हाक मारायला सांगा," असा निरोप आहे. आपणांस कल्पना नसावी, पण ही पिल्ले अजून माझ्या हाकेला येतात. गल्लीत आता तेवढीच येतात. आया मागून ओरडत असतात आणि ही शेपट्या हलवत माझ्या पायात येऊन घुटमळतात. हे पाहून आपले कंपाउंडर खूश झाले. म्हणाले, "हे बेस आहे. मावशीकडे आलं ते टोचायचं, पळालं ते झालेलं. कानातले लसीचे बिल्ले तपासायलाच नकोत." मी त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही.

कालव्यापलीकडच्या वस्तीत रोग आल्याचे कळते. म्हणजे हाक मारली नाही तर पिल्ले जातील, आणि मारली तर पिल्लेही माझी राहणार नाहीत. या दोन्हींमधून आपण मार्ग काढावा, एवढ्यासाठी हा अर्ज आहे. आपण स्वतः हाक शिकावी, अशी माझी पहिली विनंती होती. परंतु आपण दवाखान्याच्या ओसरीवर ती मारून पाहिली तेव्हा उपचाराला आणलेली गाय खाली बसली व बराच वेळ उठली नाही. त्यामुळे ती विनंती मी मागे घेत आहे.

७. तरी मेहेरबान साहेबांनी पुढीलप्रमाणे सहकार्य करावे. मी हाक मारीन. पिल्ले येतील. आपण टोचावे, नीट टोचावे, एकही सोडू नये. शेवटचे पिल्लू झाल्याबरोबर मी आपल्या अंगावर धावून येईन. आपण रिकामी पेटी टाकून पळावे. मी काठी घेऊन आपल्याला गल्लीच्या या टोकापासून गाडीपर्यंत हाकलत नेईन आणि वाटेत काही शब्द वापरीन, ते मनावर घेऊ नयेत. शेळ्यांना शब्द कळत नाहीत, पण कोण कोणाच्या बाजूने आहे ते पक्के कळते.

आपल्या पदाची प्रतिष्ठा मी जाणते. म्हणून मोजक्या अटी आहेत. आपण चालू नये, पळावे. मधून मधून घाबरून मागे पाहावे. हसू नये, कारण मुकादमीण हसणाऱ्यावर विश्वास ठेवत नाही. गाडीचे दार आधीच उघडे ठेवावे. काठी लागणार नाही याची मी हमी देते. वहिनीसाहेबांना मी दवाखान्याच्या मागच्या दारी भेटून विचारले आहे. त्यांची हरकत नाही, फक्त काठी फारच बारीक आहे असे त्यांचे म्हणणे पडले.

आपण नकार दिलात तरीही मी हाक मारणार आहे, हे जाता जाता कळवते. रोग माझ्या मानापमानासाठी थांबणार नाही. पिल्ले धावत येतील, आपण टोचाल, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीत माझ्या आवाजाला कोणीच येणार नाही. पण आपण चार पावले पळालात तर येतील. आपले वजन पाहता हे सोपे नाही, याची मला जाणीव आहे.

आपली नम्र,
(शिबिराची शेवटची दहा मिनिटे वगळून)

सही
शेळ्यांची मावशी

दिनांक : शिबिराच्या आधीचा बुधवार

सोबत : काठी, नग एक. पाहून, हाताळून, खात्री करून शिबिरापूर्वी परत करावी. दुसरी नाही.